पानाचा देठ

लांब काठीच्या आकडीने कापलेलं पिवळंधमक कोकोचं फळ धप्पकन कुणाच्या तरी बुटांपुढे पडलं, आणि त्या बुटांचा मालक शिंकला.

"थोडक्यात वाचलात!" ती झाडामागून म्हणाली. "न विचारता बागेत शिरलं की असंच होतं."

"चॉकलेटच्या कारखान्यातून आलोय. बिया पारखायला." पुन्हा शिंक. "देठ छान कापलात हं. ओरबाडलं असतं, तर खोडावर त्या जागी पुन्हा फूल धरलं नसतं."

गोड बोलणाऱ्यांची तिला धास्तीच होती. गेल्या वर्षीचा पारखीही असाच गोड होता. सगळे जेवायला गेल्यावर त्याने गुपचूप पेटीत गार पाणी ओतलं, माल नापास ठरवला आणि पडेल भावात उचलून नेला. बाबा तेव्हापासून एकच म्हणत, "यंदाही नापास झाला, तर झाडं तोडून टाकतो." लहानपणी तांब्या-तांब्याने पाणी घालून तिने वाढवलेली झाडं!

आता पेटीचं काम समजून घ्या. फळ फोडलं की आत पांढऱ्या, चिकट गरात गुरफटलेल्या बिया निघतात. चावून बघाल तर कडूजहर. त्या लाकडी पेटीत भरायच्या, वर केळीची पानं झाकायची आणि सहा दिवस आंबू द्यायच्या. दर दोन दिवसांनी खालीवर करायच्या. आत अशी गरमी धरते की हात फार वेळ ठेववत नाही. चॉकलेटची चव त्या उबेतच धरते. मध्येच पेटी गार पडली, की सगळं मुसळ केरात.

तिसऱ्या दिवशी तिने पान उचललं. आंबट भपका असा आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो मात्र पेटीवर वाकून प्रसन्न हसत होता.

"छान वास आहे."

छान? हा पारखी नव्हेच!

"बरा दिसतो गं मुलगा," आत्या म्हणाली.

"दुधाजवळ बसलेलं मांजरही बरंच दिसतं, आत्या."

जेवायला जाताना तिने पेटीवरच्या सगळ्या पानांचे देठ दाराकडे करून ठेवले. जेवून आली, तर एक देठ भिंतीकडे! दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला गेलीच नाही. पोत्यांआड दबा धरून बसली. तो आला. बाह्या सारल्या, पान उचललं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"पाणी कुठे लपवलंय?"

तो दचकला. "पाणी? कसलं पाणी? मी… ऊब बघत होतो."

"चोरून?"

"नाक बंद आहे हो माझं… आल्या दिवसापासून. कसलाच वास येत नाही."

ती खळखळून हसली. "पारखी, आणि नाकाचा पत्ता नाही!"

"हळू बोला! कारखान्यात कळलं तर मला बोलावून घेतील. मग गेल्या वर्षीचाच येईल." तो क्षणभर घुटमळला. "तुमचं नाक… उसनं द्याल?"

"देईन. पण मी नसताना पेटीला हात लावायचा नाही."

मग सात दिवस बिया ताटांत पसरून उन्हात वाळवल्या. रोज दोघं ताटांवर शेजारी-शेजारी वाकायची.

"आज वास कसा?"

"आंबटपणा गेला. आता… मधाकडे झुकलाय."

ती त्याच्या हातांवर नजर ठेवून असे. आधी संशयाने. नंतर… सवयीने, असं ती स्वतःला सांगे.

शेवटच्या दिवशी त्याने प्रत्येक ताटातल्या मूठभर बिया उभ्या चिरल्या. कच्च्या बिया आतून जांभळ्या असतात. या तपकिरी निघाल्या. बाबा श्वास रोखून उभे होते. पाच ताटं हुंगून झाली. सहाव्यावर ती वाकली… आणि थबकली. दिसायला बिया झकास होत्या, पण वास?

"कसा आहे?" त्याने विचारलं.

'छान' एवढंच म्हटलं की काम झालं असतं. तिने बाबांकडे पाहिलं, मग झाडांकडे.

"बुरशी," ती कशीबशी म्हणाली. "हे ताट बाजूला काढा."

बाबांनी मान खाली घातली. त्याने कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "माल पास. एक ताट सोडून." बाबा आत्याला सांगायला अक्षरशः धावले.

"बुरशी मलाही कळली होती," तो हळूच म्हणाला. "नाक परवाच सुटलं."

"परवा! आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही मला पारखायला पानांचे देठ लावून ठेवले होते, ते नंतर लक्षात आलं… मीही तुम्हाला पारखायला एक देठ लावून पाहिला."

तिचे गाल तापले. रागाने, बहुधा. "सुटल्यावर पहिला वास कसला आला?"

"तुमच्या हातांचा. आंबलेल्या बियांचा."

"शी!"

"म्हणून तर परवापासून जरा जास्तच जवळ उभा राहतोय…"

संध्याकाळी त्याने आत्याच्या कढईत मूठभर बिया भाजल्या, फुंकर मारून टरफलं उडवली, आणि साखरेबरोबर खलात कुटत राहिला. हात भरून आले, तेव्हा कुठे काळसर, तुकतुकीत गोळा झाला. गार झाल्यावर त्याने एक खडबडीत तुकडा तिच्यापुढे धरला.

"पुढच्या मोसमालाही यावं म्हणतो. त्याच्या पुढच्याही… आणि मध्ये परत जाऊच नये, असंही."

तिने तुकड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"आधी तुम्ही खा."

त्याने अर्धा खाल्ला. त्याने गिळेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग उरलेला त्याच्या बोटांतून घेऊन तोंडात टाकला. कडू… खरखरीत… आणि कितीतरी वेळाने, गोड.

"पास?" त्याने घाबरत विचारलं.

"एका तुकड्यावरून पारख होते का कुठे?" ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.