हात खाली घे

मिटा ती पुस्तकं आता. परीक्षा उद्या सकाळी आहे, आणि तहान लागल्यावर विहीर खणून पाणी लागत नसतं. जे डोक्यात आहे ते उद्या आठवेल. जे नाही, ते रात्रभर जागलात तरी यायचं नाही.

मघाशी तू काय म्हणालीस गं? "काका, बोटीवरून माणूस पाण्यात पडला की एकाने नुसता त्याच्याकडे हात रोखून बसायचं, हे काय काम झालं? तेवढ्या वेळात तो दोर फेकेल, दिवा धरेल." मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुस्तकात त्या कामाला दीड ओळ दिलीय, आणि दीड ओळीत ते मावत नाही. आता वायरलेस गप्प आहे, कॉल नाही. तर ऐका. भूतबीत मी मानत नाही, हवं तर माझ्या बायकोला विचारा. पण हे ज्याच्या घरात घडलं त्याच्याबरोबर मी अर्धं आयुष्य बोटीवर काढलंय, आणि शेवटचं तेवढं माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय.

सुरुवात अगदी साधी आहे. कप्तान बल्ब आणायला गेला होता.

कप्तान म्हणजे आपल्याच या बचावाच्या बोटीचा जुना चालक. सतरा नोव्हेंबर, रविवारची रात्र. घरातल्या बोळातला बल्ब गेला होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "अहो, दुकान बंद व्हायच्या आत घेऊन या. नाहीतर रात्री कुणीतरी ठेचकाळेल." घरात माणसं दोनच, तरी 'कुणीतरी'. वर्ष होत आलं होतं, पण त्या घरातलं बोलणं अजून तिघांचंच होतं.

तिसरी म्हणजे त्यांची मुलगी. आधी तिचं सांगतो, मग बल्बाकडे येतो.

आम्ही तिला उजळणी म्हणायचो. तुमच्यासारखीच शिकाऊ, आणि सदा उजळणी करत बसलेली. दोराच्या गाठी बांधत जिना चढायची, म्हणून दोनदा पडलीसुद्धा. रात्री जेवणं झाली की ती भांडी घासायची, कप्तान पुसायचा, आणि प्रश्नोत्तरं चालायची. वहिनी ओटा आवरता आवरता ऐकायच्या.

"मी बोट चालवतोय. माणूस पडला. तू कोण?"

"मी हात."

"काम सांग."

"त्याच्याकडे हात रोखायचा आणि नजर काढायची नाही. लाटेत माणसाचं डोकं चेंडूएवढं दिसतं. एकदा नजर हलली की गेलं."

"कुठवर?"

"चालवणारा 'दिसला' म्हणेपर्यंत. तो 'दिसला' म्हणाला की हात खाली, खाली बसायचं, दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. कारण मग बोट वळते."

"आणि मी म्हणालोच नाही तर?"

"तर मी रोखूनच बसणार. तुम्हीच शिकवलंय, भोगा आता!" असं म्हणून ती साबणाचा फेस त्याच्या नाकाला लावायची. वहिनींना हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्या म्हणायच्या, "माझीच परीक्षा घ्या आता. निदान मी तरी भांडी नीट घासून पास होईन."

मग डिसेंबरात तो कॉल आला. मासेमारीची एक बोट बुडत होती. मी त्या रात्री तापाने घरी होतो. बुडणाऱ्यांना वर घेताना त्यातला एक जण निसटून परत पाण्यात गेला. काळोख, वर खवळलेला समुद्र. कप्तान ओरडला, "हात!" उजळणी बोटीच्या पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसली, डाव्या हाताने दोर धरला आणि उजवा त्या माणसावर रोखला. बोट वरखाली होत होती, पण तिचा हात त्याच्यावरून तसूभर हलला नाही. त्या हाताच्या रोखाने कप्तानाने पाहिलं. आणि त्याला ते डोकं दिसलं.

दिसलं, आणि त्या आनंदात शब्द तोंडातच राहिला.

रोज रात्री पोरीकडून घोकून घेतलेला शब्द. एक शब्द. त्याने तसंच सुकाणू फिरवलं. बोट वळली, आडवी लाट आली. पोरीची नजर माणसावर होती, लाटेवर नव्हती. डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं आणि ती बाहेर फेकली गेली. जॅकेटने तिला वर धरलं, बोटीवरच्यांनी लगेच उचललं. तो माणूसही वाचला, आज त्याला नातू आहे. पण धक्क्याला लागेपर्यंत आमची उजळणी गेली. बोटीवरचे सांगतात, आडवं निजवल्यावरसुद्धा तिचा उजवा हात वर जायला बघत होता.

चौकशी झाली, दोष लाटेचा निघाला. कप्तानाने बोट सोडली. आम्हाला वाटलं, दुःखाने सोडली असेल. शब्द राहिल्याचं फक्त त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. भांडी मात्र रोज रात्री तोच घासायचा. आणि पुसायचाही तोच.

हं. तर बल्ब.

बल्ब घेऊन तो धक्क्याच्या रस्त्याने घरी निघाला. भरती उतरत होती. धक्क्याच्या टोकाला, दिव्याच्या उजेडाबाहेर, कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. हात सरळ रोखलेला. कप्तानाला वाटलं, असेल कुणी नवीन पोरगं, सराव करतंय. कौतुकही वाटलं त्याला. थंडीत, एकटंच, रविवारी.

मग त्याच्या लक्षात आलं की हात समुद्राकडे नाही.

हात रस्त्याकडे होता. त्याच्याकडे.

तो चार पावलं पुढे गेला. हात त्याच्याबरोबर फिरला. तो थांबला. हातही थांबला. त्याने हाक मारली, "कोण आहे?"

हात खाली आला नाही.

घरी येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. स्टुलावर चढला, चाचपडत बल्ब बसवला, बटण दाबलं. बोळात उजेड पडला. बोळाच्या टोकाला तिच्या खोलीचं दार. दार उघडं होतं. उंबऱ्यात ती बसली होती. गुडघ्यांवर. केसांतून पाणी ठिबकत होतं. हात रोखलेला.

आणि डोळे... डोळे त्याच्यावर.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लागला का हो?" तो म्हणाला, "लागला."

वहिनींना ती दिसत नव्हती. त्या दोनदा तिच्या अंगावरून, म्हणजे तिथूनच, गेल्या. हात हलला नाही. कप्तान इकडे गेला तर इकडे, तिकडे गेला तर तिकडे. पलंगावर पडला, तर उशाशी येऊन... जाऊ दे.

चार रात्री हे चाललं. माणूस वाळून काडी झाला. त्याने मनाशी एकच अर्थ लावला होता. पोरगी गुन्हेगार दाखवतेय. सगळ्या जगाने लाटेला दोष दिला, आणि ही एकटी खरं सांगतेय... हा. हाच तो.

चौथ्या रात्री वहिनींना जाग आली. शेजारची जागा रिकामी. त्या बाहेर आल्या तर कप्तान दाराची कडी काढत होता. अनवाणी. अंगावर स्वेटर नाही. दारात त्याने चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, घड्याळ काढून त्यांच्यावर ठेवलं होतं.

"कुठे निघालात?"

"पाण्याकडे."

त्या पुढे झाल्या. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आणि मग त्याने सांगितलं. सगळं. हाताचं, डोळ्यांचं, आणि त्या राहिलेल्या शब्दाचं. वर्षभर पोटात ठेवलेलं ते आधी तुटक तुटक बाहेर पडलं, मग एकदम.

वहिनींनी त्याला मारलं. हो. दोन्ही मुठींनी, छातीवर. "माझं लेकरू... माझं लेकरू..." म्हणत. त्याने हात वर केला नाही. मारून मारून थकल्या, तेव्हा त्याच छातीवर डोकं टेकून रडल्या. पोरगी गेली त्या दिवसापासून दोघं एकमेकांजवळ रडली नव्हती, असं कप्तान मला म्हणाला.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"आत्ता कुठे आहे ती?"

त्याने बोळाच्या टोकाकडे मान केली.

"बसलीय कशी?"

"गुडघ्यांवर. हात रोखून."

"नजर?"

"माझ्यावर. पापणीसुद्धा लवत नाही."

  ओट्याशी उभं राहून वहिनींनी तेव्हा रोज रात्री जे ऐकलं होतं, ते सगळं त्यांच्या डोक्यात जुळत असणार. मग हळू म्हणाल्या, "अहो... हात गुन्हेगारावर नाही रोखत. पाण्यात पडलेल्या माणसावर रोखतात."

कप्तान बोळाकडे वळला.

"तुम्ही पडलाय. त्या रात्रीच पडलाय. तिने नजर काढली नाही एवढंच."

वहिनींनी त्याचा हात धरला. 

"शब्द म्हणा तिला," वहिनी म्हणाल्या.

"म्हटला की ती जाईल."

"माहीत आहे मला."

"मला नाही गं म्हणवत. दिसतेय तोवर... दिसतेय तरी."

"तुम्हाला दिसतेय. मला तेवढीही नाही." वहिनींनी त्याला हळूच पुढे ढकललं. "वर्ष झालं हो. पोरीचा हात दुखत असेल."

तो बोळातून चालत गेला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. हाताचं टोक त्याच्या छातीपासून वीतभर. तो हात थरथरत होता. त्याने ते आजवर पाहिलंच नव्हतं. खांद्यापासून बोटांपर्यंत थरथरत होता, तरी खाली येत नव्हता.

त्याने तोंड उघडलं. बंद केलं.

वहिनी मागे उभ्या होत्या. त्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघत होत्या. सगळं बळ डोळ्यांत आणून.

"दिसला," कप्तान म्हणाला.

...

"दिसला गं बाळा. दिसला मला. हात खाली घे. बस. धरून बस."

हात हळूहळू खाली आला. तिने पापणी मिटली. एकदाच.

उंबऱ्यात कुणी नव्हतं.

उजाडता उजाडता मला फोन आला. मी गेलो तेव्हा दोघं बोळातच बसली होती, भिंतीला टेकून, एका शालीत. कप्तानाने मला सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, चार रात्री झोप नाही, पोटात अन्न नाही, माणसाला काय वाटेल ते दिसेल. तोंडाने मात्र म्हटलं, "बरं झालं, मोकळा झालास."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा आत येऊन बघता?"

पोरीच्या खोलीत लोखंडी कॉट आहे. वर्षभर त्यावर कुणी निजलं नव्हतं, चादर कशी ताठ घातलेली. कडेला मधोमध चादर दबली होती. कुणीतरी टेकून बसावं एवढीच. आणि कॉटच्या कडेच्या निळ्या लोखंडी पट्टीवर, चादरीच्या खाली, मीठ सुकलं होतं. पांढरं. समुद्राचं. मी बोटाला लावून जिभेवर ठेवलं, म्हणून सांगतो.

ठसे होते ते. दोन हातांचे. बोटं पट्टीभोवती वळलेली, घट्ट.

डावा ठसा स्वच्छ उमटला होता. उजवा फिका होता, जेमतेम. त्या हातात धरायला फारसं बळ उरलं नसावं.