अपोलोचं नाक

पहाटे कुणीतरी अपोलोचं नाक फोडलं आणि दुपारपर्यंत सगळ्या डेलोस बेटाने गुन्हेगार ठरवूनही टाकला. इजिप्तच्या इसिस देवीची पुजारीण तैसिस! मूर्तीच्या पायाशी तिचाच पितळी खुळखुळा सापडला होता, लोकरीच्या चिंधीत गुंडाळलेला. तिने अपोलोपुढे वाकून माफी मागावी, नाहीतर संध्याकाळी बंदरावरच्या इसिसच्या देवळाला टाळं, असा हुकूम निघाला.

"वाकणार नाही," तैसिस म्हणाली. "आणि आधी ती लोकर सोडवा. देवीच्या वस्तूला मेंढीचं काही लागू देत नाही आम्ही."

गावातली भानगड उकलायची तर फिलिन्नाला बोलवायचं, हा रिवाजच होता. सोबत तिचा दीर अर्किप्पस असायचाच.

"वहिनी, ही बाई उगाच ताठ्यात मरणार," तो कुजबुजला.

"ताठा राहू दे, भावजी. अपोलोच्या देवळाच्या किल्ल्या किती?"

किल्ल्या तीन. एक अपोलोचा पुजारी निकांदर याची. दुसरी रोमन व्यापारी वेट्टिउसची, देवळाचं छप्पर तो दुरुस्त करून देत होता. तिसरी तैसिसची, कारण ती रोज सकाळी अपोलोलाही नाईलचं पाणी वाहायची.

"मीच दिली तिला," निकांदर चिडून म्हणाला. "पाहुणी म्हणून! हे फळ मिळालं."

वेट्टिउसने खांदे उडवले. "परक्या देवांना बंदरावर जागा दिली की असंच होणार. तिथे गोदाम बरं."

पहारेकरी म्हातारा होता. "बाईच होती. डोक्यावरून वस्त्र ओढून देवापुढे उभी राहिली. मग ते मागे टाकलं नि हातोडा हाणला. माझ्याकडे पाठ होती."

"बघा, तोंड लपवलं!" अर्किप्पस म्हणाला.

फिलिन्ना हसली. तिने सगळ्यांना मूर्तीपुढे नेलं. "देवाच्या घरात भांडतोय आपण. आधी त्याला हात जोडा."

निकांदरने उघड्या डोक्याने हात वर केले. तैसिस ताठ उभी राहिली. वेट्टिउसचा हात मात्र सवयीने अंगवस्त्राकडे गेला आणि त्याने ते डोक्यावर ओढलं.

"भावजी, तोंड लपवणारा हातोडा मारताना लपवील," फिलिन्ना म्हणाली. "याने आधी झाकलं, मग उघडलं. म्हणजे तो लपत नव्हता, प्रार्थना करत होता. आम्ही ग्रीक देवापुढे डोकं उघडं ठेवतो, रोमन झाकतात. आणि चोरलेला खुळखुळा वाजू नये म्हणून लोकरीत गुंडाळणारा इसिसचा भक्त असूच शकत नाही. गोदामाला जागा हवी होती ना, वेट्टिउस?"

"मी आधी देवाची माफी मागितली होती!" तो ओरडला आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

पहारेकऱ्याने त्याला धरलं. निकांदरचा चेहरा उतरला. तरी तो म्हणालाच, "बाई, आता तरी रीत म्हणून वाक."

"नाही."

तैसिसने चिंधी झटकून टाकली आणि खुळखुळा असा वाजवला की बंदरावरचे लोक दारात जमले. मग तिने कमरेचा तांब्या काढला आणि फुटक्या नाकाच्या अपोलोला, मान ताठ ठेवूनच, रोजचं पाणी वाहिलं.

"सकाळचं राहिलं होतं," ती म्हणाली. "उद्याही येईन. किल्ली देणार नाही परत."

निकांदरने ती मागितली नाही.