रांगत्या बाळांमधला ठिपका

“तुमचं रक्त पुन्हा हवंय.”

कुणाशी ओळख करून घ्यायची ही काही रीत नव्हे. पण मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हेच; आधीच्या खेपेला त्याचं रक्त आमच्यातल्या दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. तो दारात उभा होता, कोपरापर्यंत ग्रीस आणि हातात कुणाचा तरी उघडलेला पाण्याचा पंप. वस्तीत सगळे त्याला पंपवाला म्हणत. मला सुईवाली.

“आधीचं काय केलंत?” त्याने विचारलं. “सांडलंत?”

“सांडलं नाही, बदललंय बहुतेक. तुमची नळी आणि शेजारच्या बाळाची.”

“आणि हे कळलं कसं?”

मी पायरीवर बसले आणि धुळीत बोटाने एक चढती रेघ काढली. आमचं पथक घराघरातून रक्त गोळा करत होतं. हिवतापाशी लढणारी प्रतिपिंडं कुणाच्या अंगात किती आहेत, ते आम्ही मोजायचो. रांगत्या बाळांमध्ये ती नावापुरती असतात. मग वर्षं जातात, डास चावत राहतात, ताप येऊन जातात, तशी रेघ वर चढते. म्हातारी माणसं सगळ्यांत वर. वस्तीतल्या प्रत्येक माणसाचा एक ठिपका, आणि ते सगळे शहाण्यासारखे या रेघेच्या आसपास होते. एकच ऐन तिशीतला माणूस खाली, बाळांच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

“तो मी?”

“तसे दिसत नाही तुम्ही, म्हणून तर आले.”

“कसा दिसत नाही?”

“रांगता.”

तो हसला. सुई टोचताना मात्र त्याने घट्ट डोळे मिटून तोंड फिरवलं... आणि मला ते उगीचच आवडलं.

नळ्या बदललेल्या नव्हत्याच. दुसऱ्या खेपेलाही ठिपका जिथल्या तिथे. मी सांगायला गेले ती हसत हसत.

“अभिनंदन. तुम्ही खरंच बाळ आहात. इथे नवीन आलात का?”

“इथेच जन्मलो,” तो म्हणाला. “मागच्या खोलीत.”

मग त्याने सांगितलं, पान्याने एक नट सैल करता करता. आई गेली तेव्हा तो लहान होता. मामाने त्याला दूरच्या कोरड्या शहरात नेलं, तिथेच तो वाढला. यंदा वडीलही गेले. नोकरी कुठेही मिळते, पण आपलं म्हणावं असं घर हे एकच, म्हणून तो परत आला.

“शेजारच्या काकू सोडल्या तर इथे मला कुणी ओळखत नाही,” तो म्हणाला. “आता रक्तानेही हात वर केले म्हणा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो, वर्षानुवर्षं डास चावले नाहीत की शरीर विसरतं,” मी घाईघाईने म्हटलं. “त्यात तुमचा काय दोष... पण जपा. इथल्या मोठ्या माणसांना जो ताप दोन दिवस लोळवतो, तो तुम्हाला लहान मुलासारखा भारी पडेल. मच्छरदाणी आहे?”

“आम्हाला नाही लागत. आम्ही इथलेच.”

“तुम्ही असाल. तुमचं रक्त नाही.” जरा जास्तच लागट बोलले मी.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर मला जेवण गेलं नाही. खोली म्हणजे भाड्याची, एक ताट, एक उशी. जिथे काम तिथे मी, आणि शेजाऱ्यांची नावं पाठ होईपर्यंत निघायची वेळ होते. शेकडो लोकांचे हात धरलेत मी, टोचण्यासाठी. माझा कुणी धरलेला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मच्छरदाणी विकत घेतली आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तो काही म्हणायच्या आधीच आत शिरले आणि बांधायलाही लागले. तीन कोपरे झाले. चौथ्याला खिळा नव्हता, म्हणून दोरी त्याने हातात धरली.

“अशी धरून बसू रात्रभर?”

“बसा की.”

“मग आत झोपायचं कुणी?”

माझे कान तापले. “खिळा ठोका,” मी म्हटलं.

त्याने ठोकला, पण बराच वेळ लावून.

पुढच्याच आठवड्यात पथक दुसऱ्या वस्तीत हललं. निघताना मी त्याला बजावलं. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, अंगावर काढायचं नाही. आणि कळायला हवं म्हणून रोज संध्याकाळी मी फोन करणार. एकटा माणूस, घरात पाणी द्यायला कुणी नाही, मला खरंच भीती वाटायची.

“ताप?”

“नाही.”

“बरं.”

एवढंच. ते ‘नाही’ ऐकलं की जीव भांड्यात पडायचा, आणि मग बोलायला काही उरायचं नाही. फोन हातात घेऊन मी खिडकीशी उभी राहायचे. खालून त्याच्या वस्तीकडे जाणारी बस सुटायची. ती मी रोज जाऊ द्यायचे. कुठल्या तोंडाने जाणार होते? त्याला ताप नव्हता, मला तिथे काम नव्हतं. तो फक्त माझं मन राखायला फोन उचलत असेल, असंही वाटायचं.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. दिवसभरात मी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलले नव्हते.

“ताप?”

“नाही.”

“बरं,” म्हणून मी फोन ठेवणार, तर पलीकडून तो ठेवीना. नुसता श्वास ऐकू येत होता.

“खरं सांगा. अंग गरम आहे?”

“ताप नाही गं,” तो म्हणाला. “तरी ये.”

खाली बस येऊन उभी होती. कंडक्टर कुणाची तरी पिशवी वर घेत होता. माझे डोळे भरून आले होते आणि समोरचं काही धड दिसत नव्हतं.

“ऐकतेयस ना?” त्याने विचारलं. “बोलत का नाहीस?”

“चप्पल शोधतेय,” मी म्हटलं.