फाटकापलीकडचं पाणी

"आधी आर्मिटेजचा खोगीरवाला, मग पाइन फोर्कला जेवण, मग लस्टरचं रोडिओ मैदान," पिकअपच्या मागच्या सीटवर नकाशा पसरत टक म्हणाला. टक दहा वर्षांचा, पण या सहलीचा मुकादम आपणच, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. "आणि पाइन फोर्कला चिली घ्यायची, खिम्याचं तिखट कालवण. तिच्यात दालचिनीचा गोड रोल बुडवून खायचा."

"तिखटात गोड?" इंगानं विचारलं. "बरे आहात ना तुम्ही लोक?"

"वाळवलेला मासा चघळत बसतेस, तू तर बोलूच नकोस," मार्नी म्हणाली. मार्नी टकची तेरा वर्षांची बहीण.

इंगा नॉर्वेहून सुट्टीला त्यांच्याकडे आली होती. शुक्रवारी तिचे आईबाबा आणि आणखी सहा पाहुणे येणार होते. त्यांना वायोमिंगची छोटी गावं आणि खरं काउबॉयचं जगणं दाखवायचं, ही जबाबदारी गाडी चालवणाऱ्या डेलमामानं, मार्नी-टकच्या मामानं, अंगावर घेतली होती. आज बुधवार, आज रंगीत तालीम. मामानं चक्क पत्रकं छापून आणली होती. वर फोटो होता, संध्याकाळचं ऊन, ताणून लावलेलं तारेचं फाटक, नुसत्या तारा आणि खुंट, सोडलं की जमिनीवर लोळणारं, मागे टेकड्या.

मार्नीचं लक्ष खिडकीबाहेर होतं. उजव्या हाताला शेजारच्या मर्ल आजोबांचं कुरण सुरू झालं होतं. म्हातारा चार आठवडे कॅस्परच्या इस्पितळात पडून होता, खुब्याचं हाड मोडून. फोनवर तो मार्नीला म्हणाला होता, "डॉक्टर म्हणतात गुरं विका, गावात खोली घ्या. पण पोरी, गाई आहेत तोवर मला परत यायला घर आहे." एकतीस गाई आणि त्यांची वासरं. गडी होता ड्वाइट, तो बघत होता म्हणे.

त्या सगळ्या गाई आत्ता फाटकाच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या.

"पाहिलंस इंगा? तुझ्या स्वागताला आल्यात," मामा म्हणाला.

"मामा, गाडी थांबव."

"परत येताना थांबू. खोगीरवाला वाट बघतोय."

"सकाळी दहाला गाई चरतात. या उभ्या का आहेत?"

"ड्वाइट रोज मोजून जातो. कालच म्हणत होता, आजकाल सगळ्या फाटकापाशीच असतात, मोजायला सोपं पडतं."

तिनं टकला कोपर मारलं. टकला एवढं पुरे होतं. त्यानं तोंडावर हात धरला आणि असा काही आवाज काढला, की मामानं करकचून ब्रेक दाबला.

"नव्या सीटवर नको हं!"

टक खाली उतरला, दोन पावलं चालला आणि म्हणाला, "आता बरं वाटतंय." मार्नी तोवर कुंपणाशी पोचलीसुद्धा होती.

आवाज नव्हता, तेच भयंकर होतं. इतक्या गाई, आणि एकही हंबरत नव्हती.

"यांना आवाज नसतो का?" इंगानं हळूच विचारलं.

"घसे बसलेत. ओरडून ओरडून."

डोळे खोल गेलेले, कुशी आत ओढलेल्या. दोन वासरं आडवी होती. एकावर माशा बसल्या होत्या. दुसऱ्याचा कान अजून हलत होता. सगळ्या गाईंची तोंडं एकाच दिशेला होती. फाटकापलीकडे चाळीस पावलांवर पवनचक्की फिरत होती आणि तिच्या खालचा हौद काठोकाठ भरून वाहत होता.

"मग उघडा ना फाटक," इंगा म्हणाली.

मार्नी जागची हलली नाही. टकही नाही. तिकडे पोरं चालायला लागतात तेव्हाच शिकतात, फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. कुणाची गुरं कुठे का ठेवलीत ते मालकालाच ठाऊक. एका फाटकापायी बाबांनी मार्नीला दोन मैल मागे चालत पाठवलं होतं.

"हात लावू नकोस," मामा मागून म्हणाला. "मर्लनं काहीतरी कारणानं बंद केलं असेल."

"ते चार आठवडे खाटेवर आहेत."

"मग ड्वाइटनं केलं असेल. लस्टरला जाऊन त्याला फोन करू. इथे रेंज नाही."

"लस्टर पाऊण तास लांब आहे, मामा. ते वासरू तेवढं टिकेल?"

मार्नी उकिडवी बसली. गुरांच्या खुरांनी पिठासारखी झालेली पायवाट तारेखालून सरळ हौदाकडे गेली होती. पलीकडच्या बाजूचं शेण वाळून कडक झालं होतं, ताजं एकही नाही. फाटकाच्या काटेरी तारेत सुकलेलं गवत अडकलं होतं, मुळांसकट. आणि कुंपणाला लागून जमिनीवर गवताचा लांबट पांढुरका पट्टा होता. दगड उचलल्यावर खाली असतो तसा.

"हे फाटक उघडंच होतं," ती म्हणाली. "महिनाभर इथे गवतात पडलेलं. कुणीतरी उपटून काढलंय आणि लावलंय."

इंगानं खिशातलं पत्रक काढलं. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा टेकड्यांकडे. मग फोटोवर बोट ठेवलं. पांढुरका पट्टा तिथेही होता.

"मामा, हा फोटो कधी काढलास?" मार्नीनं विचारलं.

मामानं पत्रक हातात घेऊन पाहिलं.

"रविवारी," मामा म्हणाला. "ते गवतात लोळत पडलेलं, फोटोत बरं दिसेना. मी ताणून लावलं. पुन्हा काढायचं विसरलो. सोमवारी इथूनच गेलो मी. बंद दिसलं. बंद आहे म्हणून पुढे गेलो."

तसंच ड्वाइट गेला होता, तसंच बाकीचे. सगळे शहाणे, सगळ्यांनी नियम पाळलेला. मार्नीला इतका राग आला की तिच्या कानात ठणके बसायला लागले. मामानं फाटकाला हात घातला. तिनं तो धरला.

"एकदम नाही! तीन दिवसांची तहान आहे. पोट फुगेस्तोवर प्यायल्या तर तिथेच पडतील. आणि वासरं तुडवतील ते वेगळंच. गाडी फाटकात आडवी लाव. एक गाय जाईल एवढीच फट ठेव."

"मार्नी, मला थोडं तरी कळतं..."

"कळत असतं तर आपण इथे नसतो. लाव गाडी."

मामानं गाडी लावली.

मग पाच-पाच. मार्नी फटीत काठी घेऊन उभी, टक पिकअपच्या मागच्या हौद्यात चढून टोपी झाडत गर्दी मागे रेटत होता. पाच गाई आत गेल्या, की इंगा पन्नासपर्यंत मोजायची आणि जाकीट फडकावत त्यांना हौदापासून हटवायची. गाई हटत नव्हत्या. एकीनं तिला हौदाच्या कडेवर दाबलं, कोपर सोललं. ती उठली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली. एक म्हातारी गाय फटीपर्यंत आली, पुढचे गुडघे टेकले आणि उठलीच नाही. मामानं तिला दोरानं ओढून बाजूला घेतलं.

मध्येच पोस्टाची गाडी आली. तिच्याबरोबर टकनं लस्टरला निरोप धाडला.

कान हलवणारं वासरू दुपारी गेलं. इंगा त्याच्या तोंडात रुमाल पिळत होती. बराच वेळ तिला कळलंच नाही. मग मार्नीनं तिच्या हातातून रुमाल काढून घेतला.

एकच्या सुमाराला गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, हॅनमनबाई. बरोबर ड्वाइट. बाईंनी एकेका गाईच्या डोळ्यात पाहिलं, हौदाभोवती फिरल्या आणि विचारलं, "पाच-पाच सोडायचं कुणी ठरवलं?"

टकनं मार्नीकडे बोट केलं.

"मोठी माणसं असती तर फाटक सताड उघडून मोकळी झाली असती. निम्मा कळप इथेच झोपला असता," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिघांनी म्हाताऱ्याची गुरं वाचवलीत."

"मी रोज मोजत होतो," ड्वाइट पुटपुटला.

"मोजत होतास. बघत नव्हतास."

बाईंकडे रेंज नसली तरी चालणारा फोन होता. इस्पितळात लावून त्यांनी तो मार्नीच्या हातात दिला.

"किती गेल्या?" मर्ल आजोबांनी विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"एक गाय. दोन वासरं."

"म्हणजे तीस आहेत," आजोबा म्हणाले. "तीस गाई असलेल्या माणसाला कोण खोलीत ठेवतो? डॉक्टरला सांगतो, ऑक्टोबरला घरी. काम चोख केलंस, पोरी. माझ्याच्यानंही याहून नीट झालं नसतं." मग थांबून, "फाटक कुणी लावलं?"

मार्नीनं मामाकडे पाहिलं. टोपी हातात घेऊन तो मेलेल्या वासरांपाशी उभा होता. नाव तिच्या जिभेवर होतं, आणि सकाळी कुणी विचारलं असतं तर तिनं ओरडून सांगितलं असतं. ती चालत गेली आणि फोन त्याच्यापुढे धरला.

मामानं तो घेतला.

"मर्ल, मी डेल," तो म्हणाला. "मीच लावलं."

पुढे तो नुसता ऐकत होता. फोन बंद झाला तरी तो कानालाच होता.

"काय म्हणाले?" टकनं विचारलं.

"म्हणाले, खोल खण. वरवर पुरलं की कोल्हे उकरतात."

मामानं गाडीतून फावडं काढलं. गाडीत दुसरंही होतं. इंगानं ते उचललं आणि त्याच्या शेजारी खणायला लागली.