संपलेल्या सेलवरचा खेळ

हसू नका. टीव्हीवरच्या खेळात कसलं भूत, असं मीही म्हणालो होतो. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा शाळेतला दोस्त. जुनी यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर तारांना कथलाचा डाग देत बसायचा, म्हणून आम्ही त्याला डाग्या म्हणायचो. थाप मारायची म्हटलं तरी घाम फुटायचा बिचाऱ्याला.

नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. दुकान बंद करायच्या वेळेला एक बाई आल्या. रुमालात गुंडाळलेली गेमची कॅसेट. तुम्ही फोनवर बोटं फिरवणारी पोरं, तुम्हाला काय कळणार! आमच्या वेळचा खेळ तो. तलवार घ्यायची, राक्षस मारायचे, गावोगाव भटकायचं, रात्री सराईत झोपायचं. पात्रांना नावं आपण द्यायची आणि ती एकामागोमाग एक मुंग्यांसारखी चालायची. चित्रं कसली, नुसते ठोकळे. पण त्यातलं कुणी मेलं तर आम्हाला जेवण जायचं नाही.

बाई म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाची आहे. नावं त्यानेच दिलीत. 'आई', 'ताई' आणि स्वतःसाठी 'मी'. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळलीय. रोज संध्याकाळी मी खेळ लावते, तिघांना जरा चालवते. त्याला चालताना पाहिलं की मगच ती डोळे मिटते. हल्ली चित्र थरथरतं हो. आतलं पुसलं गेलं तर ती एक दिवस काढायची नाही."

"सकाळी घेऊन जा, ताई," डाग्या म्हणाला. "केसालाही धक्का लागणार नाही."

आता नीट ऐका. त्या कॅसेटच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. त्याच्या जोरावर खेळातलं सगळं लक्षात राहतं. सेल संपला की आठवण गेली. म्हणून बदलताना आधी बाहेरून दुसरा सेल जोडायचा, मगच जुना काढायचा. आठवणीला क्षणभरही उपाशी ठेवायचं नाही.

रात्री दीडला तो कामाला बसला. आधी खेळ लावून पाहिला. सराईसमोर तिघंही उभे. मग कॅसेट खोलली, सेलला मीटर लावला. शून्य. दुसरा मीटर आणला. शून्य. सेलवर हिरवट बुरशी, एक टोक तर तुटून पडलेलं. कित्येक वर्षं मेलेला सेल होता तो.

"मग काका, आतलं सगळं राहिलं कसं?"

तेच तर, बाळा. कुणी धरून ठेवलं होतं?

डाग्याच्या अंगावर काटा आला. तिथेच थांबायला हवं होतं त्याने. पण कारागीर माणूस. मेलेला सेल दिसला की हात शिवशिवतात. शिवाय शब्द दिलेला. त्याने नवा सेल बसवला, डाग दिला. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

खेळ लावला.

आई होती. ताई होती.

तिसरा नव्हता.

सराईत पाहिलं. विहिरीपाशी पाहिलं. दोघींना गावभर फिरवलं. कुठेच नाही...

त्याने हातातला खेळाचा रिमोट खाली ठेवला. दोघी थांबल्या.

पावलं वाजतच होती. टप... टप...

त्याने आवाज बंद केला.

टप...

टीव्ही बंद केला.

टप... टप... दुकानाच्या दाराकडे.

मग... काहीच नाही.

डाग्या अजून म्हणतो, "त्या पोराने एकट्याने सगळं धरून ठेवलं होतं रे. मी नवा सेल घातला आणि त्याचे हात मोकळे केले." बोलताना रडतो तो.

सकाळी सातला बाई आल्या. डाग्याने कॅसेट पुढे केली. "ताई, माझ्या हातून तो..." एवढंच बोलला. त्यांनी स्वतःच खेळ लावला.

सराईसमोर एकटी ताई उभी होती.

"आई कुठाय?" बाई म्हणाल्या. डाग्याला नाही. टीव्हीला.

दोघं धावतच त्यांच्या घरी गेले. म्हातारी रात्रीच कधीतरी गेली होती. निघताना बाईंना वाटलं होतं, झोपलीय, कशाला उठवा. चेहरा शांत, समाधानी. एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, वय झालं होतं.

बाईंनी पांघरूण नीट करायला उचललं... आणि तसंच हातात धरून राहिल्या.

आईच्या पायांच्या तळव्यांना ओली माती लागली होती. टाचांना फोड आले होते. ताजे. फार लांब चाललं की येतात ना, तसे.