कुठली माती, किती खोल

मृदाशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत नव्या संकेतस्थळाचा आराखडा भिंतीवर उमटला. अभ्यासक्रम, प्राध्यापक, माती तपासणी. शेवटचा चौकोन रिकामा होता.

"इथे सरांची उत्तरछाया येईल," शर्वाणी म्हणाली. संकेतस्थळाची मागणी विभागातर्फे तिनेच केली होती. सर म्हणजे डॉ. नाडकर्णी, तिचे वडील. त्यांना जाऊन अजून वर्ष झाले नव्हते.

"चाचणीत उतरली, सरांसारखीच बोलली, तर," संगणक केंद्राचे इनामदार म्हणाले. "जुनं संकेतस्थळ शुक्रवारी बंद होतंय. छाया उतरली नाही, तर तीही त्याच्याबरोबर जाईल."

शर्वाणीने हात टेबलाखाली घेतले.

उत्तरछाया सरांच्या व्याख्यानांतून आणि पत्रांतून घडवलेली होती. विद्यार्थी तिला प्रश्न विचारत, ती सरांच्या पद्धतीने उत्तर देई. ती पद्धत साऱ्या विभागाला पाठ होती. कुणी काहीही विचारले तरी आधी दोनच गोष्टी: कुठली माती, किती खोल? त्याशिवाय पुढचे बोलणे नाही. विभागात ते मुलीलाही 'तुम्ही' म्हणत. घरीही फार वेगळे नव्हते.

इनामदारांनी प्रश्न टंकला. "सर, कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडतायत. काय करू?"

उत्तर आले. "पडू देत गं. नवी येतील. तू जेवलीस का?"

"मला म्हणतायत जेवलीस का," इनामदार हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले. "मॅडम, सर असं बोलायचे?"

"कधीच नाही."

इनामदारांनी चष्मा काढून पुसला. "छाया विचारणाऱ्याकडे कलते. कुठल्या उत्तरावर माणूस थांबतो, कुठल्यावर उठून जातो, हे ती शिकत असते. शंभर जण विचारणारे असले की कल सगळीकडे वाटला जातो, छाया जागेवर राहते. इथे विद्यार्थी यायचे थांबलेत. एकच माणूस रोज येतोय. तासन्‌तास बसतोय."

तो माणूस कोण, हे त्यांनी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

"म्हणजे हे सरांचं बोलणं नाही?"

"आवाज त्यांचा. बोलणं ऐकणाऱ्याला हवं असलेलं."

"ही माझ्याकडे ठेवता येईल?"

"घरच्या यंत्रावर नाही चालत ती. आणि नियमाने एका माणसाची एकच छाया. सर असतानाची मूळ प्रत जपलेली आहे. ती नक्की उतरेल. पण ती हिच्याच जागी बसते. ही पुसली जाईल. तुम्ही म्हणाल तसं. नाहीतर चौकोन काढून टाकू. कुणी विचारणार नाही."

शर्वाणीने कळफलक ओढून घेतला. "बाबा, मूळ प्रत बसवू का?"

"तुला बरं वाटेल तसं कर, बाळा."

ती ते वाक्य पाहत राहिली. बरे वाटेल तसे करा, असे बाबांनी आयुष्यात कुणालाच सांगितले नव्हते.

"बसवा," ती म्हणाली.

काम लगेच झाले. पडद्यावर ओळखीची कोरी चौकट आली. शर्वाणीने पर्समधून मातीची कापडी पिशवी काढली, चिमूटभर माती पाण्यात ढवळली आणि माती किती आम्ल, किती अल्कधर्मी हे दाखवणाऱ्या सामू-मापकाची सळई आत धरली. बाबांना स्मशानात निरोप दिल्यावर त्यांची थोडी राख तिने घरामागच्या खड्ड्यातल्या मातीत मिसळली होती आणि वर चाफा लावला होता. छायेला हे तिने कधी सांगितले नव्हते.

"सर, चाफा जीव धरत नाही," तिने टंकले.

"कुठली माती, किती खोल?"

"घरामागची. वीतभर खोल. सामू साडेनऊ."

"राख मिसळलेली दिसते."

"हो."

"प्रमाण जास्त झालं आहे. आत्ता त्यात नवीन काही लावू नका. पाणी देत राहा. वर्षभर थांबा आणि पुन्हा नमुना घेऊन या."

"उतरली," इनामदार हळूच म्हणाले.

शर्वाणीने पिशवीचे तोंड बांधले. मग टंकले, "आणते, सर."