मागचं डावं चाक

लेकीला, जुईलीला, पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून घरी आणायचं होतं. तिची आई, कुंदा, असती तर तिनं अमरावतीचं अख्खं घर डोक्यावर घेतलं असतं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, गाडी पंजाबरावांच्या गॅरेजमध्ये नेली.

दोन लाखांच्या वर किलोमीटर झालेली गाडी. साठच्या पुढे गेलं की मागून एक सलग, दबका आवाज यायचा. बंद खोलीत कोणीतरी जातं ओढत असल्यासारखा.

पंजाबरावांनी स्वतः गाडी बडनेरा रस्त्यावर काढली, मोकळ्यात डावी-उजवी झुलवली.

"उजवीकडं वळवलं का वाढते. म्हंजे मांगचं डावं बेरिंग."

जॅकवर घेतल्यावर चाक हाताला खिळखिळं लागलं. बेरिंग निघालं तसा जळक्या ग्रीसचा वास सुटला. आतले छर्रे निळे पडले होते. उजवीकडचं खोललं, तर ते स्वच्छ.

"सर, मांगं कोन बसते तुमच्या?"

"कोणी नाही. मी एकटाच असतो."

"एकटा मानूस चालवते तं वजन उजवीकडं पडते. तुमचं उलटं होऊन राह्यलं. कॉलेजात पोते नेता काय गव्हाचे?" ते हसले. "घ्या, दोन्हीकडचे नवे टाकून देतो. पोरीले आना बिनघोर."

मला हसू आलं नाही. मागची डावी जागा कुंदाची. पुढे बसलं की ट्रक अंगावर येतात, म्हणायची.

अकोल्यापर्यंत गाडी गुळगुळीत गेली. विहीणबाईंनी जुईलीची ओटी भरली आणि फाटकाशी येऊन गाडीत डोकावल्या.

"भाऊ, बाईमाणूस नाही आणलं सोबत?"

"कोणी मोकळं नव्हतं."

"पहिलटकरणीला असं पाठवत नाहीत हो. न्यायला बाई येते…" पुढचं त्यांनी गिळलं. "सावकाश जा."

जुईली माझ्या मागे, उजवीकडे बसली.

"सरक की मध्ये. ऐसपैस बस."

"नको बाबा. इकडेच बरं आहे."

मूर्तिजापूर मागे पडलं आणि आवाज सुरू झाला.

चाक जाम झालं तर? जुईलीला नववा लागलेला. मी वेग कमी केला, गाडी हलकेच झुलवून पाहिली. आवाज वाढला नाही, कमीही झाला नाही. शेवटी एका कडुनिंबाखाली थांबलो आणि जुईलीला सावलीत उभं केलं. भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

जॅक लावून मागचं डावं चाक उचललं, फिरवलं. निःशब्द फिरलं. वरून-खालून धरून हलवलं, तसूभर हललं नाही. मधोमध हात लावला. उन्हातून एवढं चालून आलेलं चाक… गार होतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. बस तू. झोप जरा."

थांबून राहणं शक्य नव्हतं. हळूहळू निघालो. आवाज सोबत होता, माझा वेग कमी-जास्त झाला तरी एकसारखा, संथ. मग बडनेरा जवळ आलं आणि तो एकाएकी थांबला. ती शांतता मला सोसवेना.

आरशात पाहिलं. जुईली झोपली होती. तिचं डोकं डावीकडे कललं होतं आणि खांद्याच्या उंचीवर टेकलं होतं. कशावर, ते दिसत नव्हतं. खड्डा आला. डोकं उसळलं आणि अलगद परत तिथंच टेकलं.

गाडी कडेला घेतली. हाक मारायला मागे वळलो.

काचा बंद होत्या. जुईलीचे दोन्ही हात सीटवर सैल पडलेले होते. पोटावरची ओढणी मात्र पाच बोटं टेकल्यासारखी दबलेली होती, आणि ती बोटं हळूहळू खाली सरकत होती.